450 हॉर्सपॉवर : तेव्हाचे आणि आताचे

दावा असा: 1970 ची 450 हॉर्सपॉवरची अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी) आणि आजची 450 ची गाडी, ताकद सारखीच. तसं नाही. तेव्हा इंजिन गाडीबाहेर काढून मोजत. एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) यांचा भार त्यावर नसे. हा 'ग्रॉस' आकडा. खोटा नव्हे, पण रस्त्यावरचाही नव्हे. 1972 पासून तिथे हे सगळं जोडून 'नेट' आकडा छापला जाऊ लागला.

पडताळायचं तर 1971 ची माहितीपत्रकं शोधा. काहींत दोन्ही आकडे सापडतात. शेव्हेल या अमेरिकन मसल कारचं 454 घनइंची इंजिन: ग्रॉस 365, नेट 285. इंजिन तेच! म्हणजे 1972 ला 'ताकद कोसळली' असं म्हणतात, तीही बरीचशी कागदावरच. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा दाब) घटल्याने थोडी खरी घट झाली होती. टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र या इंजिनांचा खरोखर दांडगा.