दोन ‘सेंट’ फोल्डर आले कुठून?

थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या डावीकडच्या यादीत ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ शेजारी शेजारी. एकात मार्चपर्यंतचे मेल, दुसऱ्यात एप्रिलपासूनचे. आयमॅप खाते (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि प्रत्येक उपकरणाला तेच दिसतात) दोन-तीन ठिकाणांहून वापरणाऱ्याला हे चित्र नवे नाही. ‘जंक’ आणि ‘स्पॅम’, ‘ट्रॅश’ आणि ‘डिलीटेड आयटम्स’ अशा जोड्याही जमतात. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे खाते काढा आणि पुन्हा टाका. त्याने सहसा काही साधत नाही, कारण दोन्ही फोल्डर सर्व्हरवर खरोखरच असतात. थंडरबर्डमध्ये उलट भरच पडते. खाते काढताना डेटाही काढायची खूण केली नाही, तर डिस्कवर जुन्या सर्व्हरच्या नावाची डिरेक्टरी तशीच राहते आणि नव्या खात्यासाठी तिच्याच नावापुढे ‘-१’ लावलेली दुसरी तयार होते.

मुळाशी जायचे तर गोष्ट एका नावाची आहे. आयमॅपची सुरुवात १९८६ ची, आणि २००३ च्या ज्या आवृत्तीवर पुढची अठरा वर्षे काम चालले, तिच्यातही नावाने राखून ठेवलेला फोल्डर एकच होता: इनबॉक्स. तो मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, अर्थ तोच. बाकीच्या नावांचे काय करायचे ते ज्या त्या सर्व्हरवर सोडलेले. ‘पाठवलेले’ नावाच्या फोल्डरचा तिथे उल्लेखच नाही. कारण साधे आहे. आयमॅप मेल वाचण्यासाठी. पाठवायचे काम एसएमटीपी या दुसऱ्या नियमसंचाचे. पाठवलेल्या मेलची प्रत ठेवणे हा मेल प्रोग्रॅमचा स्वतःचा उद्योग. प्रोग्रॅम मेल एसएमटीपीने रवाना करतो आणि मग तोच मेल दुसऱ्यांदा आयमॅपवरून सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरात नेऊन टाकतो. कोणत्या फोल्डरात, हे कोणी सांगितलेले नव्हते.

मग ज्याने त्याने आपले बारसे केले. पाइन या जुन्या मेल प्रोग्रॅमने ‘सेंट-मेल’, नेटस्केपने ‘सेंट’, आउटलुक एक्सप्रेसने ‘सेंट आयटम्स’, ॲपल मेलने ‘सेंट मेसेजेस’. होर्ड वेबमेलने पाइनचेच नाव उचलले. घरी एक संगणक, त्यावर एक प्रोग्रॅम आणि मेल संगणकावर उतरवून घेणारे पॉप खाते असेपर्यंत याचा कोणाला त्रास नव्हता. फोल्डर त्या संगणकापुरताच असे. तीच टपालपेटी ऑफिसातल्या आउटलुकने, घरच्या थंडरबर्डने आणि प्रवासात वेबमेलने उघडली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येकाने सर्व्हरवर आपापला फोल्डर थाटला.

इनबॉक्सच्या पोटात सगळे फोल्डर ठेवणाऱ्या सर्व्हरांचा घोळ थोडा निराळा. सीपॅनेल या व्यवस्थापन-प्रणालीवर चालणाऱ्या स्वस्त होस्टिंगमध्ये फोल्डरच्या नावाआधी ‘इनबॉक्स’ आणि टिंब असते. प्रोग्रॅमला हा उपसर्ग कळला नाही तर एकाच नावाचा फोल्डर एकदा इनबॉक्सखाली आणि एकदा बाहेर असल्यासारखी यादी दिसते. उपसर्ग विचारून घेण्याची सोय १९९८ पासून आहे. आउटलुकमध्ये ‘रूट फोल्डर पाथ’ आणि थंडरबर्डमध्ये ‘आयमॅप सर्व्हर डिरेक्टरी’ या चौकटी त्यासाठीच. चौकट नीट भरली की हा प्रकार मिटतो.

२००७ च्या ऑक्टोबरात जीमेलने आयमॅप दिले आणि प्रकरण खऱ्या अर्थाने गुंतले. जीमेलमध्ये फोल्डर नव्हतेच; लेबले होती, आणि एका मेलला चार लेबले असू शकत. आयमॅपला मात्र फोल्डरच समजतात. म्हणून प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दाखवले गेले. एकच मेल इनबॉक्समध्ये, ‘बँक’मध्ये आणि शिवाय ‘ऑल मेल’मध्ये. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हे तीन वेगळे मेल, म्हणून ते तीनदा उतरवले जातात आणि डिस्कवर तिप्पट जागा खातात. लोक यालाही ‘डुप्लिकेट’ म्हणतात, पण ही जात निराळी. सर्व्हरवर प्रत एकच असते आणि लेबलाच्या फोल्डरातून मेल काढला तर सहसा फक्त लेबल निघते. या जातीवर फोल्डर एकत्र करण्याचा उपाय चालत नाही. जीमेलच्या सेटिंगमधल्या लेबलांच्या यादीत ‘ऑल मेल’पुढची आयमॅपची खूण काढणे पुरते.

जीमेलने आपले खास फोल्डर चौकटी कंसातल्या ‘जीमेल’ या नावाखाली ठेवले. नावाच्या हक्काच्या वादामुळे ब्रिटन आणि जर्मनीत हीच सेवा काही वर्षे ‘गूगल मेल’ म्हणून चालली, तेव्हा तिथे कंसातले नावही बदललेले होते. त्यात भाषेची भर. अमेरिकी इंग्रजीतला ‘ट्रॅश’ ब्रिटिश इंग्रजी निवडली की ‘बिन’ होतो, आणि भाषा बदलली की आयमॅपवर दिसणारी नावेही बदलतात. ‘जीमेलखालच्या ट्रॅशमध्ये टाक’ असे ठोकून लिहिलेला प्रोग्रॅम ‘बिन’वाल्या खात्यात अडखळणार हे ठरलेलेच. यावर तोडगा म्हणून जीमेलने स्वतःचा एक जादा आदेश आणला, ‘एक्सलिस्ट’. नाव काहीही असो, हा फोल्डर पाठवलेल्यांचा, हा कचऱ्याचा, असे सर्व्हर त्यातून सांगे.

आता २०११ च्या मार्चमधल्या निर्णयाकडे. खरे पाहिले तर सगळी पार्श्वभूमी इथे येऊन थांबते. एक्सलिस्टमागची कल्पना आयमॅपच्या मानकात, म्हणजे सगळ्यांसाठीच्या लिखित नियमांत, आली, ‘स्पेशल-यूज’ या नावाने. सात भूमिका ठरल्या: सर्व मेल, संग्रह, मसुदे, खुणेचे, जंक, पाठवलेले, कचरा. शब्द मात्र तेच ठेवले नाहीत. एक्सलिस्टमध्ये जो ‘स्पॅम’ होता तो इथे ‘जंक’ झाला आणि ‘स्टार्ड’चा ‘फ्लॅग्ड’. म्हणजे एक्सलिस्ट शिकलेल्या प्रोग्रॅमला पुन्हा शिकणे आले.

वादाचा मुद्दा हा नव्हे. मानकाने भूमिका ठरवल्या, नावे ठरवली नाहीत. ‘इनबॉक्स’सारखेच ‘सेंट’ हे नावही सगळ्यांना सक्तीचे करून टाकायला हवे होते, असे म्हणणारे आजही भेटतात. वरवर हे पटते. पण २०११ पर्यंत चारपाच नावांखाली वर्षानुवर्षांचे मेल साठले होते. सक्ती केली असती तर प्रत्येक सर्व्हरला ते हलवावे लागले असते, नाहीतर ‘सेंट’ नावाचा आणखी एक फोल्डर वाढला असता. आणि एका इंग्रजी शब्दाला कायमचे पद देण्यापेक्षा फोल्डरला वाटेल ते नाव ठेवू द्यावे आणि त्याचे काम वेगळ्या खुणेने ओळखावे, हे मराठी किंवा जपानी नाव देणाऱ्यांच्या बाजूचेच होते. नावाचा निर्णय योग्यच होता.

चूक झाली ती दुसरीकडे. सातही भूमिका ऐच्छिक ठेवल्या गेल्या, आणि एका भूमिकेचा फोल्डर एकच असला पाहिजे अशी अट घातली नाही. साधारणपणे एकच असेल, पण काही ठिकाणी जास्तही असू शकतात, असे मानकच म्हणते. ही पळवाट पुढे कशी वापरली गेली त्याचा उत्तम नमुना डव्हकॉट या लोकप्रिय आयमॅप सर्व्हरच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, आहे. तिथे ‘सेंट’ आणि ‘सेंट मेसेजेस’ या दोन्ही नावांवर पाठवलेल्यांची खूण लावून ठेवली आहे. दोन्ही नावे प्रचलित आहेत, दोन्ही तयार झाले तर वापरणारा सहसा एक काढून टाकतो, असा खुलासाही शेजारी टिपणीत दिला आहे. म्हणजे ज्या घोळासाठी मानक आले, तो आवरण्याचे काम शेवटी आपल्याकडेच.

आउटलुकने २०१३ च्या आवृत्तीत याच भरवशावर मोठा बदल केला. २०१० च्या आवृत्तीत खात्याच्या सेटिंगमध्ये पाठवलेल्या आणि काढलेल्या मेलसाठी स्वतंत्र टॅब होते. सर्व्हरवरचा हवा तो फोल्डर दाखवता येई. ते टॅब गेले. सर्व्हर सांगेल ते प्रमाण, आणि सर्व्हर काही सांगत नसेल तर आउटलुक आपले इंग्रजी फोल्डर तयार करणार. काहींच्या पुढे ‘फक्त या संगणकावर’ असे लिहिलेले दिसू लागले. त्या वर्षाच्या अखेरच्या सुधारणांमध्ये एक्सलिस्टचा आधारही काढला गेला आणि तोवर नीट चाललेल्या काही खात्यांत जोड्या उगवल्या. मानकाकडे जाण्याची दिशा बरोबर, हे कोणी नाकारत नाही. पण निम्मे सर्व्हर गप्प असताना वापरणाऱ्याच्या हातची निवड काढून घेणे कशासाठी? थंडरबर्डने ‘कॉपीज अँड फोल्डर्स’चे पान आजतागायत ठेवले आहे, आणि आवराआवर तिथूनच सुरू करणे सोपे जाते. आधी प्रत्येक उपकरणाला एकाच फोल्डरकडे वळवायचे, फोनसकट. मग दुसऱ्यातले मेल त्यात हलवायचे, आणि रिकामा फोल्डर वेबमेलमधून काढायचा. क्रम उलटा केला, तर राहून गेलेले उपकरण पुढच्याच मेलला काढलेला फोल्डर पुन्हा जन्माला घालते. जीमेल एसएमटीपीने गेलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवते, म्हणून तिथे प्रोग्रॅममधली ‘प्रत ठेवा’ ही खूण काढली तरी चालते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आयमॅपची नवी आवृत्ती आली. तिने या सात भूमिका मूळ नियमांत घेतल्या आणि फोल्डरांची नावे सरळ यूटीएफ-८ या सर्व लिप्यांना चालणाऱ्या संकेतपद्धतीत लिहायला परवानगी दिली. तोवर देवनागरी नाव सर्व्हरवर सहसा एका विशिष्ट सांकेतिक लिपीत जाई आणि तो संकेत न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रोमन अक्षरांची जंत्री होऊन दिसे. मराठीतली एक गाठ मात्र याने सुटत नाही. ‘कऱ्हाड ऑफिस’ असा फोल्डर करायचा तर त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. फोनच्या कीबोर्डने एक पद्धत वापरली आणि संगणकाने दुसरी, तर पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात आणि सर्व्हरला ती दोन वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणातही या दोन पद्धती एकत्र येत नाहीत. यादीत ‘कऱ्हाड ऑफिस’ दोनदा दिसले तर स्पेलिंग तपासत बसू नये. एकातले मेल दुसऱ्यात हलवावेत आणि पहिला काढून टाकावा.