क्लासिक कस्टम गाडी लो करणे

जुन्या गाडीची, म्हणजे बहुतेक वेळा 1930 ते 1960 च्या दशकातल्या अमेरिकन गाडीची, रस्त्यापासूनची उंची मुद्दाम कमी करणं म्हणजे गाडी लो करणं. हा प्रकार मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचा, आणि जोरात आला तो दुसरं महायुद्ध संपल्यावर. छप्पर कापून बुटकं करणं, जास्तीचं क्रोम काढून बॉडी गुळगुळीत करणं, मागच्या चाकांवर स्कर्ट, म्हणजे चाक झाकणारा पत्रा, लावणं हे सगळं कस्टममध्ये, म्हणजे मनासारख्या बदलून घेतलेल्या गाडीत, येतंच, पण गाडी उंच राहिली तर बाकीच्या कामाला काही अर्थ उरत नाही, त्यामुळे लो करणं हा पाया धरला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कापली की झालं. खरं तर स्प्रिंग हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, गाडी खाली आल्यावर एक्सल, शाफ्ट, टायर आणि स्टिअरिंगला हलायला जागा कुठून काढायची हाच खरा उद्योग.

1948 पर्यंतच्या फोर्ड आणि फोर्डच्याच मर्क्युरी या ब्रँडच्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकं जोडणारा सरळसोट बीम एक्सल आणि आडवे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असायचे. तिथे एक्सलची दोन्ही टोकं तापवून वर वाकवायची, की मधला भाग आणि त्याबरोबर गाडी खाली येते, यालाच ड्रॉप एक्सल म्हणतात. 1949 ला दोन्ही गाड्या नव्या आल्या, पुढे प्रत्येक चाकाला वेगळी कॉइल स्प्रिंग, मागे दोन बाजूला दोन लांब पाटे. गोलमटोल अंगाची 1949 ते 51 ची मर्क्युरी कस्टमवाल्यांची लाडकी झाली. त्यातली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे लॉस एंजेलिसच्या बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपमध्ये 1952 मध्ये तयार झालेली हिरोहाता मर्क, 1951 चं मॉडेल, जी 2022 मध्ये लिलावात कमिशन धरून 21 लाख 45 हजार डॉलरला गेली.

आता पुढची स्प्रिंग. ती चाकावर थेट बसत नाही, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यावर, म्हणजे लोअर आर्मवर, मध्येच कुठेतरी बसते, त्यामुळे ती जर आर्मच्या निम्म्यावर असेल तर स्प्रिंगची बसलेली उंची 1 इंच कमी केली की चाकापाशी गाडी जवळपास 2 इंच खाली येते, आणि हा हिशोब न करता सुरुवातीलाच दोन वेढे उडवणारे मग नवीन स्प्रिंग शोधत फिरतात. म्हणून अर्धा वेढा कापायचा, परत बसवायची, गाडी चार पावलं ढकलून बसू द्यायची, मग मोजायचं. कापताना ग्राइंडरची डिस्क वापरायची, गॅस कटर नाही. स्प्रिंग जागेवरच तापवून बसवणारे पूर्वीही होते आणि आजही भेटतील, पण तापवलं की पोलादाचं पाणी जातं, स्प्रिंग हळूहळू अजून बसत जाते किंवा एखाद्या खड्ड्यात तुटते, तेव्हा हा उपाय नकोच. आणखी एक गोष्ट, वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, 8 चालत्या वेढ्यांतला 1 गेला तर साधारण 14 टक्के, हे तसं बरंच आहे कारण आता खाली दबायला जागाही कमी असते.

उंची बदलली की चाकाचा कोन बदलतो. वरचा आर्म आखूड असल्यामुळे चाकाचं डोकं आत झुकतं, टायर आतल्या बाजूने झिजतो, आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड तिरका झाला की उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढतं. अलाइनमेंट तर करावीच लागते, पण जास्त खाली जायचं असेल तर ड्रॉप स्पिंडल हा शहाणा मार्ग, त्यात चाकाचा दांडाच 2-3 इंच वर सरकवलेला असतो त्यामुळे स्प्रिंग आणि आर्म जिथल्या तिथे राहतात.

मागे एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असतो, म्हणून दोघांच्या मध्ये लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळला की पाटे आणि त्यांच्याबरोबर बॉडी खाली जाते. गंमत अशी की ज्या ट्रकमध्ये पाटे एक्सलच्या वर असतात तिथे तोच ठोकळा गाडी उंच करतो. ठोकळ्यावर ठोकळा मात्र कधी रचू नये. 3 इंचाच्या पुढे गेलं की एक्सल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आपटायला लागतो, मग चासीला वरच्या दिशेने अर्धचंद्राकार खाच पाडून तिथे जाड पट्टी वेल्ड करावी लागते, याला सी-नॉच म्हणतात. त्यानंतर इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट फ्लोअरला लागतो, मग मधला बोगदाही उंच करा. एका कामातून दुसरं निघतं ते असं. पुढच्यापेक्षा मागची बाजू खाली असलेल्या गाडीला टेलड्रॅगर म्हणतात आणि कस्टमवाल्यांना तीच ठेवण आवडते, हॉट रॉडवाल्यांचं, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांचं, नेमकं उलट, नाक खाली.

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत लोरायडर, म्हणजे जमिनीलगत आणलेल्या गाड्या, घडले, सुरुवातीला डिक्कीत वाळूच्या नाहीतर सिमेंटच्या गोण्या टाकून. 1958 पासून कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. टायर फुटला तर गाडी रस्त्यावर घासू नये हे त्यामागचं कारण म्हणून पटतंही, पण पोलीस तो कोणाच्या गाड्यांना लावायचे हा वेगळा विषय. यावर तोडगा म्हणून रॉन अगीरे याने 1959 च्या सुमारास आपल्या 1957 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले, बटण दाबलं की गाडी कायदेशीर उंचीवर. पुढे शेव्हरोलेच्याच 1958 ते 64 च्या इम्पाला यासाठी लोकप्रिय झाल्या, कारण चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, सिलिंडर बसवायला सोपं. तो कायदा अखेर 1 जानेवारी 2024 पासून रद्द झाला. आता बरेच जण हायड्रॉलिकऐवजी एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, लावतात, कॉम्प्रेसर आणि टाकी डिक्कीत, चालवताना नीट उंची आणि पार्क केल्यावर हवा सोडून गाडी जमिनीवर.

आपल्याकडे हे करायचं तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं, कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाहीत आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हेच पुन्हा ठणकावलं. दुसरी अडचण रस्त्याची. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकरसुद्धा 10 सेंमी उंच असतो, नियमाबाहेरच्यांचं तर विचारूच नका, आणि 4 इंच क्लिअरन्सची लो गाडी म्हणजे तेवढीच उंची. शिवाय अ‍ॅम्बेसेडरला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आहे, तिथे ग्राइंडरचा काही उपयोग नाही, बार काढून दात्यांवर फिरवून परत बसवावा लागतो.