आतड्यावरची नीळ

अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेला माणूस घराबाहेर पडताना आधी विचार करतो तो शौचालय किती लांब आहे याचा. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण होतात, शौचावाटे रक्त जातं. ही सूज वर्षानुवर्षं टिकली तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आजाराला आठेक वर्षं झाली की डॉक्टर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायला सांगतात.

चिनी वैद्यकाच्या भाषेत हे दुखणं म्हणजे बऱ्याचदा मोठ्या आतड्यातली ‘दमट उष्णता’. ती उतरवायला जी द्रव्यं देतात त्यांत एक आहे छिंगदाई, म्हणजे चक्क नीळ! पानं पाण्यात कुजवायची, चुना घालून पाणी घुसळायचं आणि निळा फेस वाळवून भुकटी करायची. कापड रंगवायची नीळही जवळपास अशीच निघते.

‘उष्णता’ प्रयोगशाळेत मोजता येत नाही, पण निळीचं काम मोजता आलं. तिच्यातले रेणू आतड्यातल्या पेशींमधल्या एएचआर नावाच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. मग इंटरल्युकिन-22 हा संदेशवाहक वाढतो आणि फाटलेलं अस्तर भरून यायला मदत होते. जपानमध्ये 86 रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. रोज एक ग्रॅम छिंगदाई घेणाऱ्यांपैकी 75 टक्क्यांना गुण आला. नुसतं औषधासारखं दिसणारं काही घेणाऱ्यांत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास होतं. इतका फरक कोलायटिसच्या औषधांत क्वचितच दिसतो.

तरीही ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. स्वतःच भुकटी विकत घेऊन खाणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसांच्या धमन्यांमधला दाब वाढल्याचं दिसलं होतं. हा हृदयाला थकवणारा, जिवावर बेतू शकणारा आजार. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 च्या डिसेंबरात तसा इशाराही दिला. भुकटी बंद केल्यावर बऱ्याच जणांचा दाब उतरला, पण ‘वनस्पतीच आहे, काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला ही हकीकत सांगावीशी वाटते.

कर्करोग टाळण्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे तो दुसऱ्याच एका द्रव्याचा. ह्वांगल्येन या कडू, पिवळ्याधमक मुळात बर्बेरीन असतं. चीनमध्ये जुलाबावरची ही साधी, स्वस्त गोळी. आतड्यातल्या काही गाठी, म्हणजे अडेनोमा, पुढे कर्करोगात बदलू शकतात. अशा गाठी काढून टाकलेल्या हजाराहून जास्त लोकांना चिनी संशोधकांनी दोन गटांत विभागलं. बर्बेरीन दिवसातून दोनदा 0.3 ग्रॅम घेणाऱ्यांत दोन वर्षांत 36 टक्क्यांना पुन्हा गाठी झाल्या, न घेणाऱ्यांत 47 टक्क्यांना. अभ्यास 2020 मध्ये छापून आला.

बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असतं. पण चाचणी झाली ती मोजून दिलेल्या शुद्ध गोळीची, काढ्याची नव्हे. आणि तिने मोजल्या त्या गाठी, कर्करोग नव्हे. बर्बेरीन घेणाऱ्यांनाही पुढची कोलोनोस्कोपी चुकलेली नाही.