शेती घरीच शिकतात, मग शाळेत कशाला?
"शेती पोरं बापाबरोबर शिकतातच, सरकारने शाळेत त्यावर पैसा का घालवायचा" हा मेसेज कधीपासून फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, नांगरणी, पेरणी, जनावरं हे घरीच शिकलं जातं. पण डीएपी खताच्या गोणीवर 18:46:0 असतं ना, त्याचा अर्थ घरात विचारून बघा. 50 किलोच्या गोणीत पिकाला लागणारी तीन अन्नद्रव्यं अशी: नत्र 9 किलो, स्फुरद 23 अन् पालाश शून्य, म्हणजे साधी टक्केवारी, पण ती माती परीक्षणाच्या रिपोर्टशी जुळवायला कुणीतरी शिकवावं लागतं. तसंच पेरणीआधी बियाणं तपासायला सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, आठवड्याने मोजा, 70 तरी उगवायला हवेत. हे फुकटात होतं, मान्य. पण शिकवणारे सर, माती तपासायचं किट, शाळेमागचे दोन गुंठे याला पैसा लागतोच, सरकारने नाही दिला तर हे फीवाल्या शाळांतच राहणार अन् गावातली पोरं तर झेडपीच्या शाळेत.