मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायरचे पॉवर वायरिंग

मोटारीत वेगळ्या बसवलेल्या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीची वीज पोहोचवणारी जाड वायर, तिच्यावरचा फ्यूज, गाडीच्या बॉडीला दिलेला अर्थ आणि हे सगळे बॉनेटपासून डिकीपर्यंत ज्या वाटेने नेतात ती वाट, यांना मिळून पॉवर वायरिंग म्हणतात. साध्या स्टिरिओला असे काही लागत नाही. त्याच्या पोटातला छोटा अ‍ॅम्प्लिफायर १०-१५ अँपिअरच्या फ्यूजवर भागवून घेतो. सबवूफरसाठी, म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, डिकीत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आला की मागणी ४०-५० अँपिअरवर जाते, मोठ्या संचात शंभरी ओलांडते. गाडीच्या मूळ वायरिंगमधून ती भागत नाही, म्हणून थेट बॅटरीवरून नवी वायर ओढावी लागते.

या कामात सगळ्यांचे लक्ष लाल वायरीवर असते. प्रत्यक्षात सर्किट म्हणजे एक फेरा आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेला प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरमधून बॉडीत उतरतो आणि बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. जेवढा गेला तेवढाच परत यायचा असतो, आणि परतीची वाट अरुंद असेल तर जाण्याची वाट कितीही रुंद करून उपयोग नाही. नंतर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारी या परतीच्या अर्ध्या भागातल्या किंवा जोडांमधल्या असतात. मधली लांबलचक वायर बिचारी सहसा निर्दोष निघते.

प्रवाह आणि वायरीची जाडी

इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना त्याच्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. व्होल्टेज इतके कमी म्हटल्यावर तेवढ्याच वॉटसाठी अँपिअर भरमसाट लागतात. स्पीकरला खरेखुरे ५०० वॉट देणारा, कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो बॅटरीकडून ६२५ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर मागतो. जुन्या धर्तीचा क्लास एबी ५० टक्क्यांवर चालत असेल तर त्याच आवाजासाठी ७२ अँपिअर लागतात. संगीत एकसारखे मोठे नसते, त्यामुळे सरासरी मागणी बरीच कमी असते. पण वायर निवडायची ती ढोलाच्या ठोक्यासाठी, दोन ठोक्यांमधल्या शांततेसाठी नाही. खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर हिशेब करू नये. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज पाहावेत, ते कमी थापा मारतात. तिथे ३० चे दोन असतील तर वायर ६० अँपिअरची धरावी.

जाडी बहुतेक वेळा अमेरिकन गेजमध्ये सांगतात आणि त्यात आकडा वाढला की वायर बारीक होते. दर तीन आकड्यांनी तांब्याचे क्षेत्रफळ निम्मे होते. ८ गेज म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, ४ गेज २१ आणि शून्य गेज ५३ चौरस मिलिमीटर. बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प्लिफायर मागे असला की वायर पाचेक मीटर होते. एवढ्या लांबीत ५० अँपिअर वाहताना शुद्ध तांब्याच्या ४ गेज वायरीत सुमारे ०.२ व्होल्ट पडतात, ८ गेजमध्ये अर्धा व्होल्ट. अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण मुळात हातात १३-१४ व्होल्टच आहेत.

स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते आणि आवरण मुद्दाम जाड ठेवलेले असते, त्यामुळे ती बाहेरून भरदार दिसते. ओळखायला सोपी: एक तार सोडवून ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते, आणि हातात घेतली की वायर अपेक्षेपेक्षा हलकी लागते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहून नेते, तेव्हा ती वापरायची झाल्यास दोन गेज जाड घ्यावी. आणखी एक खोड म्हणजे अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड आपोआप सैल पडतो.

फ्यूज

बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. हा फ्यूज वायरीसाठी, पर्यायाने गाडीसाठी असतो. मोटारीची बॅटरी शॉर्ट झाल्यास काही शे अँपिअर सहज ओतते. समजा पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचे आवरण फाटले आणि तांबे बॉडीला लागले. फ्यूज मागे डिकीत असेल तर हा प्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वायर लाल होते आणि तिच्याभोवतीचे कार्पेट पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवण्याचा प्रघात आहे. त्या आधीचा तुकडा असंरक्षितच राहतो, तेव्हा तो जितका आखूड तितके बरे.

फ्यूजचा आकडा वायरीला झेपेल त्याहून मोठा नसावा. शुद्ध तांब्याच्या ८ गेजला ५०-६० अँपिअर, ४ गेजला १०० ते १५० अँपिअर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. वाटेत डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक लावून एका जाड वायरीच्या दोन बारीक वायरी केल्या, तर तिथे प्रत्येकीला तिच्या जाडीचा वेगळा फ्यूज लागतो, कारण बॅटरीजवळचा मोठा फ्यूज त्या बारीक वायरींना वाचवू शकत नाही. काचेच्या नळीचे फ्यूज मोठ्या प्रवाहाला टोपीपाशी तापतात. बोल्टने घट्ट बसणारे चपट्या पट्टीचे एएनएल फ्यूज त्या मानाने भरवशाचे.

वाट

बॉनेटखाली वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फॅन, बेल्ट आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून लांब ठेवतात, पन्हळी प्लॅस्टिक नळीतून नेतात आणि दर वीतभर अंतरावर टायने बांधतात. इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलत असते, त्यामुळे वायर इंजिनला बांधायची नसते, बॉडीला बांधायची असते.

खरी कसोटी फायरवॉलपाशी लागते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या या पत्र्यात गाडीच्या मूळ वायरिंगचे एक मोठे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, असते आणि पुष्कळदा त्याच्याच कडेला जागा सापडते. नवे भोक पाडायचेच झाले तर ड्रिल लावण्याआधी पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहणे अनिवार्य आहे. तिथे ब्रेकचे पाइप, हीटरच्या नळ्या आणि वायरिंगचे जुडगे असते. भोक पडल्यावर त्याची धार कानशीने मोडतात, उघड्या कडेला गंज लागू नये म्हणून रंगाचा हात देतात आणि मगच ग्रोमेट बसवतात. पत्र्याची न मोडलेली कड म्हणजे गाडी हलेल तशी चालणारी करवतच. बाहेरच्या बाजूला वायर भोकाच्या खाली थोडी झुकती ठेवून मग वर घेतली, की पाणी त्या झोळातून खाली ठिबकते, वायरीवरून केबिनमध्ये शिरत नाही.

केबिनमध्ये वायर दरवाज्याखालच्या प्लॅस्टिक पट्टीच्या आतून, गाडीच्या मूळ वायरिंगच्या शेजारून मागे जाते. कार्पेटखालून सरळ मधून नेणे सोपे वाटते, पण तिथे सीटचे रूळ असतात. पुढची सीट मागे सरकवली की रुळाचा बोल्ट कार्पेटसकट वायरीवर दाबला जातो. हे पहिल्या दिवशी कळत नाही, काही महिन्यांनी कळते. ड्रायव्हरच्या बाजूने जाताना वायर पेडलपाशी लोंबणार नाही हे पाहावे लागते. पिवळ्या आवरणातले वायरिंग सहसा एअरबॅगचे असते. त्याला नवी वायर बांधू नये आणि सीटखाली किंवा दाराच्या खांबापाशी न पाहता स्क्रू मारू नये. गाडीच्या पोटाखालून वायर नेणे बहुतेक जण टाळतात, आणि ते योग्यच: तिथे दगड, पाणी आणि सायलेन्सर तिघेही टपलेले असतात.

अर्थ आणि जोड

अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, साधारण अर्ध्या मीटरच्या आत ठेवतात. जागा बॉडीच्या मुख्य सांगाड्याला वेल्ड केलेल्या जाड पत्र्यावर निवडतात. तिथला रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने पार उतरवून पत्रा चकचकीत करावा लागतो, कारण रंग हा इन्सुलेटर आहे. नुसता स्क्रू रंगातून आत गेला तर संपर्क फक्त आट्यांवर होतो. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी), दातेरी वॉशर, नट-बोल्ट लावून घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग देतात, नाहीतर पावसाळी हवेत तोच चकचकीत पत्रा गंजतो. सीटबेल्टचा बोल्ट आयता आणि भक्कम दिसतो, पण त्याला हात लावायचा नसतो. अपघातात माणसाचा भार त्याच्यावर येतो.

खराब जोड किती महागात पडतो ते पाहण्यासारखे आहे. जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असला तरी ५० अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि २५ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉट म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न, आणि तो नखाएवढ्या थिंबलमध्ये चालू राहतो. म्हणूनच पिळ मारून टेप गुंडाळलेला जोड इथे चालत नाही. थिंबल क्रिंपिंगच्या दणकट हत्याराने दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आक्रसणारी नळी, चढवतात. सोल्डर आवडणारे पुष्कळ आहेत, पण वितळलेले कथील तारांमध्ये वर चढते, तो भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी वायर नेमकी त्याच्या काठाशी तुटते.

तपासणी मल्टिमीटरने होते. गाणे मोठ्याने लावून एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर धरले की परतीच्या वाटेत पडणारे व्होल्ट थेट दिसतात. ठोक्याला ०.१ व्होल्टच्या आसपास आकडा चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी रंग किंवा गंज राहिला आहे. काही वेळा दोष बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या मूळच्या बारीक पट्टीत निघतो. ती पट्टी, इंजिनपासून बॉडीची पट्टी आणि अल्टरनेटरपासून बॅटरीची वायर या तिन्ही जाड करणे हा मोठ्या संचांतला नेहमीचा उपाय आहे. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट बॅटरीच्या खुंटीवर न देता सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला द्यावा, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर खातो तो प्रवाह गाडीच्या हिशेबात येत नाही.

शिट्टी

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये चढत जाणारी शिट्टी ही अल्टरनेटरची. ती टाळण्यासाठी आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल मागे नेणारी केबल, पॉवर वायरीच्या विरुद्ध बाजूने न्यावी, आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी, असे सांगतात. पद्धत चांगली आहे, तिच्यामागे कारणही आहे: बदलत्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र शेजारच्या केबलमध्ये उतरू शकते. पण तिचे माहात्म्य वाढवून सांगितले जाते. शिट्टीचे मूळ बहुतेक वेळा ग्राउंड लूपमध्ये सापडते. स्टिरिओचा अर्थ आणि अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ यांच्या पातळीत फरक असला की तो फरक आरसीए केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून वाहू लागतो, आणि मग केबल कुठूनही नेली तरी शिट्टी वाजतेच.

बासच्या ठोक्याला हेडलाइट मंद होतात म्हणून एक फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारा भाग, लावण्याची पद्धत आहे. १४ व्होल्टवरून १२ पर्यंत उतरताना तो २६ जूल देतो, म्हणजे ५०० वॉटच्या मागणीला सेकंदाचा विसावा भाग. पुढे अल्टरनेटर आणि वायर यांनाच पुरे पडावे लागते.

हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतही अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो. फक्त तिला अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर भरतो. नारिंगी आवरणाच्या केबल मुख्य उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या शेजारून वायर नेण्याचा विचारही करू नये.

कामाच्या सुरुवातीला निगेटिव्ह टर्मिनल आधी काढतात, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. मुख्य फ्यूज सगळे जोड तपासून झाल्यावर शेवटी बसवतात. मग अर्धा तास संच मोठ्याने वाजवून फ्यूजहोल्डर, थिंबल आणि अर्थचा बोल्ट हाताने चाचपतात. वायर कोमट लागली तर चालते. एखादाच जोड शेजारच्या वायरीपेक्षा गरम लागला तर तो पुन्हा उघडावा लागतो.