चार आयएसओ डीव्हीडीवर टाकले की चारही लिनक्स चालतात?

नाशिकच्या कॉलेजांत ही समजूत अजून फिरते: उबुंटू, डेबियन, पपी या लिनक्सच्या आयएसओ फाइली (आख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) ओढून डीव्हीडीवर टाका, झाली 'ऑल इन वन' डिस्क. होत नाही. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सीडी-डीव्हीडीच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरवर बूट नोंद, म्हणजे कुठून सुरू करायचे ती खूण, शोधतो. नुसत्या फाइली टाकलेल्या डिस्कवर ती नसते, म्हणून एकच आयएसओ अशी टाकली तरी मशीन ढिम्म हलत नाही.

खरी पद्धत अशी. एका फोल्डरमध्ये 'आयएसओ' उपफोल्डर आणि ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू ठेवायचा, मग ग्रब-एमकेरेस्क्यू ही बूट होणारी इमेज बनवणारी आज्ञा चालवायची. तिला झोरिसो आणि एमटूल्स ही साधने लागतात. जुन्या बायोस मशीनसाठी ग्रब-पीसी-बिन, नव्यांसाठी ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन, ही दोन्ही पॅकेजे घ्या. तयार इमेज सही केलेली नसते, सिक्युअर बूट (सही नसलेले सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावे लागते.

घोळ मेनूत होतो. ग्रबने लूपबॅकने (आयएसओ डिस्कसारखी उघडून) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलला, तरी पुढे कर्नलला आयएसओ पुन्हा शोधावी लागते. त्यासाठी मेनूच्या ओळीत उबुंटूला 'आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=' लिहायचे, डेबियन लाइव्हला (न बसवता डिस्कवरूनच चालणाऱ्या डेबियनला) 'फाइंडआयएसओ='. एकाची ओळ दुसऱ्याला चिकटवली की अर्ध्यात काळा पडदा.

जागेचा हिशेबही बघा: ४.७ जीबीची डिस्क संगणक ४.३८ दाखवतो. आजची उबुंटू डेस्कटॉप एकटीच त्यात मावत नाही. डेबियन नेटइन्स्ट (बाकीचे नेटवरून उतरवणारी छोटी आवृत्ती), पपी, अँटिएक्स ही छोटी लिनक्स मजेत बसतात. डिस्क बर्न करण्याआधी प्रत्येक फाइलचा एसएचए२५६ (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) पडताळा, आणि पहिली प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालवून बघा. वाया गेलेल्या कोऱ्या डिस्क फक्त चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाच्या.