ती कविता ऑड्री हेपबर्नची नाही

सुंदर दिसायचं तर गोड बोला, लोकांतलं चांगलं पाहा, भुकेल्याला आपल्यातला घास द्या, असं सांगणारी कविता हॉलिवूड अभिनेत्री ऑड्री हेपबर्नच्या नावानं वर्षानुवर्षं फिरते आहे. ती तिची नाही. अमेरिकी विनोदी लेखक सॅम लेव्हन्सन यांनी तो मजकूर नातीसाठी लिहिला होता. हेपबर्नला तो आवडायचा, ती तो वाचूनही दाखवायची. बहुधा तिथूनच घोळ झाला. खरं तर तिच्या खात्यावर उसनं काही जमा करायची गरजच नाही. १९८८ मध्ये युनिसेफतर्फे ती दुष्काळग्रस्त इथिओपियात गेली. सप्टेंबर १९९२ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम चार महिने आधी, ती सोमालियातल्या उपासमार झालेल्या मुलांना भेटत होती.